न्यायी पुढारी आणि मंडळीची सामायिक जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मंडळ्यांमध्ये वार्षिक सभा किंवा पास्टोरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची) निवडणूक जवळ आली, की काही प्रश्न हमखास विचारले जातात. बायबल अभ्यासवर्गांत आणि पत्रांतून पुन्हापुन्हा आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय जोडलेले आहेत तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचकांनी आपले बायबल जवळ ठेवून संदर्भ स्वतः पडताळून पाहावेत, ही विनंती.

१. बायबलनुसार न्यायी पुढारी कोणाला म्हणावे?

याचे नेमके वर्णन निर्गम १८:२१ मध्ये सापडते. मोशेचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, की लोकांमधून कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, खरेपणाने वागणारी आणि अन्यायाच्या पैशाचा तिटकारा असलेली माणसे निवड. घराणे, श्रीमंती किंवा वक्तृत्व यांचा त्यात उल्लेखही नाही. पुढे अनुवाद १७:१४-२० मध्ये राजासाठी मर्यादा आखून दिल्या आहेत : त्याने घोडे, बायका आणि सोनेरुपे यांचा साठा वाढवू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती आयुष्यभर वाचावी आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला थोर समजू नये. ज्या काळात राजाचा शब्द हाच कायदा मानला जाई, त्या काळात राजालाच नियमशास्त्राच्या अधीन ठेवणारी ही शिकवण होती.

या दोन्हींच्या जोडीने १ शमुवेल १२:१-५ वाचावे, असा आमचा आग्रह आहे. इस्राएलाचा न्यायाधीश असलेला म्हातारा शमुवेल सर्व इस्राएलापुढे उभा राहून विचारतो, की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेतली ते सांगा, म्हणजे मी ते परत करीन. अधिकार सोडताना लोकांसमोर स्वतःचा हिशेब मांडणारा हा पुढारी आहे. तरीही याच शमुवेलाने आपले मुलगे योएल आणि अबीया यांना न्यायाधीश नेमले होते आणि ते बैर-शेबात लाच खाऊ लागले, हे आठव्या अध्यायात झाकून ठेवलेले नाही. बापाचा प्रामाणिकपणा मुलाकडे वारशाने जात नाही. पद मात्र वारशाने दिले जाऊ लागते, आणि तेथूनच बिघाड सुरू होतो.

२. पाळकसाहेब आहेत, कमिटी आहे. मग सामान्य सभासदाची वेगळी जबाबदारी ती काय?

इथ्रोने मोशेला जे करताना पाहिले ते आजही अनेक मंडळ्यांत दिसते : एक माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून सगळ्यांचे तंटे ऐकतो आहे आणि लोक रांगेत ताटकळत उभे आहेत. इथ्रोने हे चांगले नाही असे स्पष्ट सांगितले, आणि त्याचे कारणही दिले, की यात तूही थकशील आणि लोकही थकतील. त्यानंतर हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमली गेली. दहांवरचा माणूस म्हणजे एखाद्या वस्तीतला, सगळ्यांना नावाने ओळखणारा माणूस होय. गणना ११ मध्ये मोशेचे ओझे वाहण्यासाठी सत्तर वडील (म्हणजे लोकांतील ज्येष्ठ पुढारी) निवडले जातात. त्याच वेळी एल्दाद आणि मेदाद छावणीत संदेश देऊ लागल्यावर त्यांना थांबवण्याची मागणी होते, तेव्हा मोशे म्हणतो, की परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरे झाले असते. आपल्या हातातला अधिकार वाटला गेल्याचा त्याला आनंद होतो.

नहेम्याचा तिसरा अध्याय नावांची यादी म्हणून बहुतेक जण ओलांडून जातात. परंतु यरुशलेमेचा कोट कोणी बांधला याचा तो हजेरीपटच आहे : याजक, सोनार, सुगंधी द्रव्ये करणारे, व्यापारी, शल्लूम आणि त्याच्या मुली, आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. तकोवकरांनी काम केले, परंतु त्यांच्यातील प्रतिष्ठितांनी खांदा दिला नाही, हेही तेथे नोंदवले आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी भागांत श्रमदानाने बंधारे आणि चर काढणाऱ्या गावकऱ्यांना या अध्यायाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तो कोट ५२ दिवसांत पुरा झाला (नहेम्या ६:१५).

३. पुढारी देवाने नेमायचा की लोकांनी निवडायचा?

बायबलमध्ये दोन्ही आढळते आणि बहुधा एकत्रच आढळते. अनुवाद १:१३ मध्ये मोशे लोकांना म्हणतो, की तुम्ही तुमच्यातून शहाणी माणसे निवडा, मी त्यांना नेमीन. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये बारा प्रेषित निकष सांगतात, सगळा समुदाय सात जण निवडतो आणि प्रेषित त्यांच्यावर हात ठेवतात. दावीदाला शमुवेलाने अभिषेक केला होता, तरीही इस्राएलाच्या वडिलांनी हेब्रोनात येऊन त्याच्याशी करार केल्यावरच तो सर्व इस्राएलाचा राजा झाला (२ शमुवेल ५:३).

आपल्या भागाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. सांगली-मिरज बाजूच्या अनेक मंडळ्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. त्या परंपरेत निवडलेल्या वडिलांच्या हाती कारभार असे. सातारा-वाई बाजूला अमेरिकन मराठी मिशनची काँग्रिगेशनल परंपरा होती, आणि तीत सभासदांच्या सभेला मोठे महत्त्व होते. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा या आणि इतर परंपरा बिशपपदासह एका व्यवस्थेत आल्या. म्हणून ‘बिशप आहेत, आता सभेला काय विचारायचे’ हे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘सभेने ठरवले, आता कोणाचे ऐकायचे नाही’ हेही चूक आहे.

४. ‘सेवक’ म्हणायचे तर पुढाऱ्याला अधिकारच उरत नाही का?

अधिकार उरतो, पण तो वापरण्याची रीत बदलते. मार्क १०:४२-४५ मध्ये येशू शिष्यांना सांगतो, की परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. १ पेत्र ५:२-३ मध्ये कळपावर धनीपण न करता कळपाला कित्ता व्हा, अशी वडिलांना सूचना आहे. निर्णय घेणे, शिस्त लावणे आणि नाही म्हणणे ही कामे मेंढपाळाला करावीच लागतात.

५. दानाचा हिशेब मागणे म्हणजे पाळकांवर अविश्वास दाखवणे आहे का?

नाही. उलट हिशेब मागण्याची वेळच येऊ नये, तो आपणहून पुढे ठेवला जावा, अशी शास्त्राची अपेक्षा आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली देणगी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ सोबत घेतला, आणि त्याचे कारण २ करिंथ ८:२०-२१ मध्ये स्वतःच लिहिले : या मोठ्या रकमेच्या व्यवहारात कोणी आम्हांला दोष देऊ नये, आणि जे योग्य ते केवळ प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही योग्य दिसावे. प्रेषिताला ज्याची गरज वाटली, त्याची गरज कोणत्याही खजिनदाराला कमी वाटू नये.

२ राजे १२ मधील हकिकत अधिक बोलकी आहे. योवाश राजाच्या २३ व्या वर्षापर्यंत याजकांकडे पैसे येत होते, तरी मंदिराची डागडुजी झाली नव्हती. मग यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत. आपल्याकडे उपासनेनंतर दोघांनी मिळून अर्पण मोजण्याची आणि वहीत दोघांनी सह्या करण्याची जी पद्धत आहे, तिला यापेक्षा चांगला आधार नाही. जेथे ही पद्धत मोडली असेल तेथे ती पुन्हा सुरू करावी.

याच अध्यायाच्या १५ व्या वचनावर बोट ठेवून काही जण सांगतात, की कामगारांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत. ते वचन खरे आहे, परंतु ती सूट दोघांनी मोजलेला पैसा पुढे कामावर गेल्यानंतरची आणि कामातून विश्वास सिद्ध केलेल्या माणसांना दिलेली आहे. डागडुजी न करणाऱ्या याजकांना ती मिळाली नव्हती.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मंडळीची मालमत्ता ज्या न्यासाच्या नावे नोंदलेली असेल, त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार जमाखर्च ठेवावा लागतो आणि विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो.

६. पाळकांना मानधन किती असावे? नहेम्याने तर काहीच घेतले नाही.

नहेम्याने १२ वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता (नहेम्या ५:१४-१८). तो त्याने स्वतःहून सोडलेला हक्क होता. लोकांनी त्याच्यावर लादलेली अट नव्हती. १ तीमथ्य ५:१८ मध्ये मजुराला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे असे म्हटले आहे, म्हणून पाळकांच्या त्यागाचे कौतुक करून त्यांचे मानधन महिनोन्‌महिने थकवणे हा अन्यायच आहे. रक्कम सभेने ठरवावी आणि ती ठरलेल्या तारखेला द्यावी.

७. स्त्रियांना कमिटीत किंवा पाळकपदावर घेता येते का?

मंडळ्यांमध्ये यावर मतभेद आहेत आणि ते १ तीमथ्य २:१२ च्या अर्थावरून आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली जाते, इतर काही मंडळ्यांत दिली जात नाही. कमिटीपुरते बोलायचे तर दबोरा इस्राएलाचा न्याय करीत होती (शास्ते ४:४-५), फिबी किंख्रिया येथील मंडळीची सेविका होती (रोम १६:१), आणि शल्लूमाच्या मुलींचा उल्लेख वर आलाच आहे. ज्या मंडळीत उपासनेला निम्म्याहून अधिक स्त्रिया असतात, तिच्या निर्णयात त्यांचा आवाज नसणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही.

८. आमच्या मंडळीच्या कमिटीवर वर्षानुवर्षे त्याच दोन-तीन घराण्यांची माणसे असतात. यावर शास्त्र काय सांगते?

यरुशलेमेच्या मंडळीत नेमकी अशीच तक्रार उठली होती. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते आणि वाटप दुसऱ्या गटाच्या हाती होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे ठरवले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले, आणि निवडून आलेल्या सातही जणांची नावे पाहिली तर ती ग्रीक आहेत; त्यांतील निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. म्हणजे ज्या गटावर अन्याय झाला, त्याच्याकडच्या माणसांच्या हाती मंडळीने वाटप सोपवले. इतका मोठा विश्वास दाखवायला आपल्या मंडळ्या कचरतात, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

भावकी, पूर्वाश्रमीची जात, मिशनच्या काळापासूनचे जुने घर आणि नंतर आलेले घर असे भेद आपल्याकडे अजून आहेत. ते नाहीत असे म्हणून ते जाणार नाहीत. याकोब २:१-४ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायांजवळची जागा देणाऱ्यांना दुष्ट विचारांचे न्यायाधीश म्हटले आहे. लेवीय १९:१५ दुसरी बाजूही सांभाळते : थोराचे तोंड पाहून न्याय करू नये, तसाच गरीब आहे म्हणूनही पक्षपात करू नये. कमिटीची मुदत ठरवणे आणि लागोपाठ किती वेळा निवडून येता येईल हे नियमात लिहिणे हा व्यवहारातला साधा उपाय आहे.

९. ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ असे सांगून प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प केले जाते. हे बरोबर आहे का?

हे शब्द स्तोत्र १०५:१५ मधले आहेत. त्या स्तोत्रात अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक आणि याकोब, परदेशात घर नसलेली आणि राजांच्या दयेवर जगणारी माणसे. देव तेथे राजांना बजावतो, की या दुबळ्यांना हात लावू नका. दुबळ्यांच्या रक्षणाचे वचन बलवानाच्या रक्षणासाठी वापरणे हा त्याचा सरळ उलटा उपयोग आहे.

दावीदाने शौल राजाला मारले नाही हे खरे आहे, परंतु १ शमुवेल २४ मध्ये तो शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून सगळ्यांसमोर त्याला त्याचा अन्याय बोलून दाखवतो. तोच दावीद राजा झाल्यावर संदेष्टा नाथान त्याच्या तोंडावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हणतो. पौलाने अंत्युखियात पेत्राचा समोरासमोर विरोध केला (गलती २:११). तेव्हा हात उगारणे निषिद्ध आहे, बोलणे नाही. वडिलांविरुद्धची तक्रार दोघा-तिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नये, आणि दोष सिद्ध झाल्यास सर्वांसमोर कानउघाडणी करावी, असे १ तीमथ्य ५:१९-२० सांगते. यामुळे पुढाऱ्याचे चहाडखोरांपासून रक्षण होते, तसेच मंडळीचे पुढाऱ्यापासूनही होते.

१०. पण तक्रार करणारी व्यक्ती एकटीच असेल, दुसरा साक्षीदार नसेल, तर?

हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले पाहिजे. दोन साक्षीदारांचा नियम कोणाला दोषी ठरवण्यासाठी आहे; तक्रार ऐकूनच न घेण्यासाठी तो नाही. अनुवाद १९:१८ मध्ये न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी अशी आज्ञा आहे. अनुवाद २२:२५-२७ मध्ये शेतात गाठून जिच्यावर बळजबरी झाली त्या मुलीचे वर्णन आहे : ती ओरडली, पण तिला सोडवणारा कोणी नव्हता. तेथे साक्षीदार असणे शक्यच नव्हते, आणि नियमशास्त्र तिच्यावर कसलाही दोष ठेवत नाही. याउलट ज्याच्या मळ्यावर अहाब राजाचा डोळा होता त्या नाबोथाविरुद्ध नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे होते आणि दोघेही खोटे होते (१ राजे २१). केवळ संख्या म्हणजे न्याय नव्हे.

तक्रार लैंगिक अत्याचाराची आणि पीडित १८ वर्षांखालील असेल, तर मंडळीने आपली चौकशी पुरी होईपर्यंत थांबायचे नाही. पॉक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) यानुसार ज्याला माहिती मिळाली त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पाळक, वडील आणि संडे स्कूलचे शिक्षक यांनाही ते लागू आहे. मंडळीचे नाव खराब होईल या भीतीने गप्प राहणाऱ्यांनी यहेज्केल ३४ वाचावे. तेथे मेंढरांना न जपता स्वतःलाच पोसणाऱ्या मेंढपाळांच्या विरुद्ध देव स्वतः उभा राहतो.

११. शिस्तीची कारवाई म्हणून एखाद्या कुटुंबाशी संबंध तोडावेत का?

मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या आहेत : आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. शेवटी तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखा होवो, असे म्हटले आहे. येशू जकातदारांच्या घरी जेवायला जात असे, हे विसरून हे वाचता येत नाही. कमिटीचे पद किंवा प्रभुभोजन काही काळ थांबवणे ही शिस्त झाली. लग्नाला, मयतीला किंवा दफनभूमीत अडवणे हा बहिष्कार झाला, आणि तो शास्त्राला धरून नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

१२. एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना का? आखानाचे काय आणि यहेज्केल १८ चे काय?

आखानाने लूट लपवली आणि सगळ्या इस्राएलाचा पराभव झाला (यहोशवा ७). यहेज्केल १८ मात्र सांगते, की बापाच्या अधर्माचा भार मुलगा वाहणार नाही. हे दोन्ही एकत्र समजण्यासाठी अनुवाद २१:१-९ हा कमी वाचला जाणारा उतारा फार मोलाचा आहे. रानात खून झालेला माणूस सापडला आणि मारणारा ठाऊक नसला, तर वडिलांनी आसपासच्या नगरांचे अंतर मोजायचे. जे नगर सर्वांत जवळ असेल त्याच्या वडिलांनी कालवड मारून तिच्यावर हात धुवायचे आणि सांगायचे, की हे रक्त आमच्या हातांनी पाडले नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिले नाही. खुनाचा दोष त्यांच्यावर येत नाही. तरीही आमच्या शिवारात घडले म्हणून त्यांना बाहेर येऊन उत्तर द्यावे लागते. दोष ज्याचा त्याचा असतो, पण उत्तर देणे सगळ्यांचे असते, असा हा भेद आहे. लेवीय ४ मध्ये अभिषिक्त याजक, सगळी मंडळी, अधिकारी आणि सामान्य माणूस यांच्यासाठी वेगवेगळी पापार्पणे सांगितली आहेत. म्हणजे सगळी मंडळी मिळूनही चुकू शकते, हे तेथे गृहीत धरले आहे.

आता नाबोथाकडे पुन्हा पाहावे. त्याने अहाबाला मळा नाकारला, कारण ती वाडवडिलांची वतनाची जमीन होती. तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षबागायतदाराला तो नकार लगेच उमजेल. मळा हवा होता अहाबाला, पत्रे लिहिली त्याची राणी ईजबेल हिने. पण ती पत्रे गेली इज्रेलातल्या वडिलांना, नाबोथाच्या शेजाऱ्यांना. त्यांनी उपास पुकारला, सभा भरवली, खोटे साक्षीदार बसवले आणि धोंडमार केली. त्यांच्यातल्या एकाने जरी ‘हे होणार नाही’ असे म्हटल्याचे लिहिलेले नाही. अन्यायी पुढाऱ्याला नेहमी अशा सभेची गरज पडते. आपल्या वार्षिक सभेत हात वर करताना प्रत्येक सभासदाने हे लक्षात ठेवावे असे आम्हांला मनापासून वाटते.

१३. ‘एकमेकांची ओझी वाहा’ आणि ‘प्रत्येकाने आपला भार वाहावा’ यांत विरोध नाही का?

गलती ६:२ आणि ६:५ मधील ही वाक्ये परस्परपूरक आहेत. पहिले मोहात सापडलेल्याला सावरण्याविषयी आहे, दुसरे स्वतःच्या कामाची परीक्षा करण्याविषयी. भेद वर प्रश्न १२ मध्ये सांगितला तोच आहे.

१४. ही जबाबदारी मंडळीपुरतीच आहे की गावासाठीही?

बंदिवासात गेलेल्या लोकांना यिर्मया २९:७ मध्ये सांगितले आहे, की ज्या नगरात तुम्हांला नेले त्याचे हित साधा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा दारात उभ्या असलेल्याचा धर्म विचारून मदत करणे कोणालाही योग्य वाटले नसते. अंत्युखियाच्या मंडळीने दुष्काळात प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत जमवली आणि ती वडिलांच्या हाती पोचवली (प्रेषितांची कृत्ये ११:२९-३०). मदतवाटपाच्या यादीलाही प्रश्न ५ मधील हिशेबाचे सगळे नियम लागू आहेत.

पुरासारख्या प्रसंगी आपण धावून जातो, पण दर हंगामात शिवारात घडणाऱ्या गोष्टींकडे लक्ष जात नाही. मराठवाड्यातून येणारे ऊसतोड मजूर आपल्याच फडांत राबतात. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पोचली आहे, असे याकोब ५:४ मध्ये शेतमालकांना उद्देशून लिहिले आहे. ज्या ख्रिस्ती शेतकऱ्याची शेती आहे त्याने हे वचन स्वतःसाठी वाचावे.

१५. मंडळीतला सभासद सरपंच किंवा सोसायटीचा संचालक झाला, तर त्याने कोणाचे ऐकायचे?

रोम १३ नुसार कायद्याचे, आणि कायदा किंवा पक्ष अन्याय करायला सांगेल तेथे प्रेषितांची कृत्ये ५:२९ नुसार देवाचे. दानीएलाच्या शत्रूंनी त्याच्या कारभारात खोट शोधली आणि त्यांना ती सापडली नाही (दानीएल ६:४). एवढी कसोटी पुरे आहे. मंडळीनेही आपल्या माणसाकडे शिफारशी आणि सवलती मागून त्याला अडचणीत आणू नये. लाच शहाण्यांचे डोळे आंधळे करते (अनुवाद १६:१९), आणि ती लाच मंडळीच्या सभागृहाच्या नावाने मागितली तरी लाचच असते.

१६. मंडळीतला वाद कोर्टात किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नेणे १ करिंथ ६ च्या विरुद्ध नाही का?

पौल तेथे भावाभावांतील व्यवहाराच्या तंट्यांबद्दल बोलतो आहे, आणि तुमच्यात न्याय करणारा एकही शहाणा नाही काय, असे विचारतो. म्हणजे आधी मंडळीने निष्पक्ष माणसे नेमून वाद ऐकण्याची खरी सोय केलेली असली पाहिजे. ती सोय नसताना किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच पंच असताना हे वचन पुढे करणे योग्य नाही. मालमत्तेचे बदल अर्ज आणि हिशेबपत्रके सादर करणे हे वाद नेणे नव्हे, ते कायद्याचे पालन आहे. गुन्ह्याच्या बाबतीत हे वचन लागूच होत नाही (पाहा प्रश्न १०). स्वतः पौलाने अन्याय होताना कैसराजवळ दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११). ‘त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही’ हे त्याचे शब्द ज्याचा हक्क बुडाला आहे त्याने स्वतःला विचारण्यासाठी आहेत. ज्याने तो बुडवला आहे, त्याला ते दुसऱ्याला ऐकवण्याचा अधिकार नाही.